योगायोगाला नियती म्हणू नका

नायकाची गाडी चुकते, पुढच्या गाडीत नायिका शेजारी येऊन बसते आणि परीक्षण लिहिणारा निःशंकपणे लिहून मोकळा होतो की नियतीने दोघांची गाठ घातली. हे वाक्य इतक्या वेळा वाचले आहे की ते दिसताच पान उलटावेसे वाटते.

योगायोग म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावण्याची गरज नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, एवढे म्हटले की पुरे. दैव, प्रारब्ध, नशीब यांच्या छटांतही येथे शिरत नाही, कारण कथेच्या रचनेपुरती ती सारी नियतीच्याच घरातली. घोळ घालतो तो ‘योग’ हा शब्द. पत्रिकेतला विवाहयोगही योगच आणि ‘भेटीचा योग आला नाही’ यातलाही योगच. त्यामुळे अवचित घडलेले आणि आधीच ठरलेले या दोहोंवर आपण एकच चिठ्ठी चिकटवतो.

कथेत नियती मानायची तर ती घटनेच्या आधी कोठेतरी उच्चारली गेलेली असावी, निदान सूचित तरी झालेली असावी, असा माझा आग्रह आहे. घटना घडून गेल्यावर पात्राच्या किंवा निवेदकाच्या तोंडी घातलेली नियती ही बहुतेक वेळा लेखकाने आपल्या सैल रचनेवर घातलेली शाल असते. ग्रीक शोकांतिकेतला ईडिपस बापाला मारून आईशी लग्न करशील ही डेल्फीची देववाणी ऐकून कॉरिंथ सोडतो आणि ती टाळण्याच्या धडपडीतच ती खरी करतो, म्हणून तेथे नियती हा शब्द शोभतो.

दोन्ही गोष्टी एकाच कथेत वेगवेगळ्या पाहायच्या असतील तर कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतला’कडे जावे. महाभारतातल्या मूळ कथेत ना शाप आहे, ना अंगठी. तेथे दुष्यंताला सारे आठवत असते, तरीही तो भर सभेत पत्नीला आणि मुलाला नाकारतो आणि आकाशवाणी झाल्यावर स्वीकारतो. कालिदासाने चौथ्या अंकात दुर्वासाचा शाप आणला आणि राजाचे विसरणे नियतीच्या खात्यावर टाकले. ओळखीचा दागिना दिसताच शाप संपेल, ही अटही तेथेच सांगून ठेवली. मात्र तो दागिना हरवेल असे शापात कोठेही नाही. शचीतीर्थावर जलवंदन करताना शकुंतलेच्या बोटातून राजाने दिलेली अंगठी निसटते, हा निव्वळ योगायोग आहे. ती निसटली नसती तर पाचव्या अंकातच शाप संपला असता. तरीही ‘नियतीने अंगठी हरवली’ हे वाक्य अनेकजण बिनदिक्कत लिहितात. या दोहोंच्या मधे दोन मैत्रिणींचे मौन आहे, त्याची तर कोणी दखलच घेत नाही. अनसूया आणि प्रियंवदा शाप ऐकतात आणि शकुंतलेचे मन कोवळे म्हणून तिला सांगत नाहीत. हे ना दैव, ना योगायोग. हा त्यांनी मायेपोटी घेतलेला निर्णय आहे.

योगायोगाने कथेची गाठ सोडवलेली मला एरवी सहन होत नाही. मात्र कोळ्याला रोहित माशाच्या पोटात अंगठी सापडते, चोर समजून रक्षक त्याला पकडून नेतात आणि शेवटी राजाकडून मिळालेल्या बक्षिसातून सारे मिळून दारूच्या गुत्त्याकडे वळतात, तो प्रवेश मी आनंदाने वाचतो. अंगठी दिसली की काय होणार, हे चौथ्या अंकापासून ठाऊक असल्याने माशाला केवळ ती पोहोचवायची असते. शिवाय शापाची हकीकत मारीच ऋषींच्या आश्रमात उघड होते, तेव्हा पतीने आपल्याला विनाकारण टाकले नव्हते हे शकुंतलेला कळते आणि संसार पुन्हा जुळणे पटते. महाभारतातल्या दुष्यंताशी तिचे जुळते, ते मला इतके सहज पटत नाही.

याच्या उलट टोकाला थॉमस हार्डीच्या 1891 च्या कादंबरीतली टेस आहे. आपला भूतकाळ सांगणारे पत्र ती होणारा नवरा एंजल याच्या दाराखालून सरकवते आणि ते आतल्या गालिच्याखाली जाते. वाचक येथे ‘टेसचे दुर्दैव’ म्हणून उसासा टाकतात, आणि शेवटी स्वतः हार्डीच देवांच्या खेळाची भाषा करून त्यांना दुजोरा देतो. पण ते पत्र लग्नाआधी टेसला सापडते आणि ती ते नष्ट करते. लग्नाच्या रात्री एंजल आधी स्वतःची चूक कबूल करतो, ती त्याला क्षमा करते आणि मग आपली हकीकत सांगते. तो मात्र तिला क्षमा करत नाही. गालिच्याचे काम तोवर केव्हाच संपलेले असते, घर मोडतो तो एंजल.