पुरणपोळीला स्वतःचं पान द्या

इंदूरमधे घरगुती फराळ विकणाऱ्या बऱ्याच मराठी काकूंनी आता वेबसाइट काढलीय आणि तक्रार सगळ्यांची एकच, 'अहो, गूगलवर आम्ही येतच नाही.' साइट उघडली की कारण समोर दिसतं. रामबागेतल्या एका काकूंचं चकली, अनारसे, पुरणपोळी, लग्नाच्या ऑर्डरी सगळं एकाच पानावर, आणि भाव म्हणजे व्हॉट्सॅपवर फिरवलेलं पोस्टरच तिथे चिकटवलेलं. चित्रात महत्त्वाचा मजकूर टाकू नका असं गूगल स्वतःच सांगतं.

गूगलबॉट हा प्रोग्राम एका पानावरच्या लिंका धरून दुसऱ्या पानावर जातो. ज्या पानाकडे कुठूनच लिंक नाही ते त्याला सापडणार कसं? साइटमॅप नावाची, साइटवरच्या पानांच्या पत्त्यांची यादी असलेली फाइल देता येते, एकीत 50,000 पत्ते मावतात, पण यादीत नाव आहे म्हणून वजन, म्हणजे गूगलच्या लेखी त्या पानाचं महत्त्व, मिळत नाही.

वजनाचं गणित 1998 साली स्टॅनफर्डमधल्या, गूगल काढणाऱ्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी मांडलं, आणि ते खरंच मजेदार आहे. समजा एक रिकामटेकडा माणूस नुसता क्लिक करत भटकतोय, 85 टक्के वेळा समोरच्या पानावरची कुठलीही लिंक दाबतो आणि 15 टक्के वेळा कंटाळून भलत्याच पानावर उडी मारतो. असाच भटकत राहिला तर तो ज्या पानावर जास्त वेळा सापडेल त्याचं वजन जास्त. म्हणजे होम पेजवर 5 लिंका असतील तर पुढे जाणाऱ्या वजनाचा प्रत्येकीला पाचवा हिस्सा, 100 लिंका कोंबल्या तर शंभरावा! आज गूगल आणखी पुष्कळ गोष्टी बघतं, पण लिंकांचा हिशोब अजून आहेच.

म्हणून आधी कागदावर साइटच्या पानांचं झाड काढा. वर होम, खाली फराळ, पोळ्या, लग्नाच्या ऑर्डरी, आणि पोळ्यांखाली पुरणपोळी वेगळी, गुळाची पोळी वेगळी. 'इंदूरमधे पुरणपोळी घरपोच' असं कोणी शोधलं तर त्याचं उत्तर एकाच पानावर हवं, दोन पानांवर तेच लिहिलं तर त्यातलं कुठलं दाखवायचं ते गूगल ठरवतं, आणि बरेचदा नको तेच निवडतं. लिंकवर 'इथे क्लिक करा' नको, 'पुरणपोळीचे भाव' लिहा, कारण त्या शब्दांवरूनच पुढे काय आहे ते बॉटला कळतं. कीवर्ड टॅग (पानाच्या कोडमधे लपवलेली शोधशब्दांची यादी) भरून द्यायचे कोणी वेगळे पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा, तो टॅग आपण बघतच नाही हे गूगलने 2009 मधेच सांगून टाकलंय.

जुन्या फाँटमधे टाइप केलेला मजकूर मात्र तपासा. युनिकोड, म्हणजे सगळ्या कंप्यूटरांना सारखी कळणारी अक्षरांची पद्धत, नसेल तर डोळ्यांना 'चकली' दिसते, आणि कॉपी करून दुसरीकडे पेस्ट केलं की भलतीच रोमन अक्षरं. बॉटला तेच दिसतं.

नवं पान गूगलमधे यायला काही दिवस लागतात, कधी काही आठवडेही, तेव्हा दिवाळीचं पान धनत्रयोदशीला टाकून काय उपयोग, गणपतीतच टाका. आणि पानाच्या वेब-पत्त्यात साल घालू नका, दरवर्षी तेच पान, नुसते भाव बदलायचे, म्हणजे लोकांनी मागच्या वर्षी दिलेल्या लिंका वाया जात नाहीत.