पुस्तिकेतले ५७५ फूट आणि पट्टीचं टोक

पहिल्या विमानतळांना धावपट्टीच नव्हती. मोकळं गवताळ मैदान, वारा असेल त्या दिशेला तोंड करून उतरायचं. दुसऱ्या महायुद्धात जड विमानांसाठी पक्क्या पट्ट्या सर्रास झाल्या, तेव्हा दिशा आखली गेली, लांबी मोजली गेली आणि 'ओव्हररन'ला, म्हणजे पट्टीच्या टोकापलीकडे जाण्याला, अर्थ आला.

छोट्या खासगी विमानांच्या बाबतीत खरा घोळ 'उतरण्याचं अंतर' या शब्दात आहे. विमानाच्या पुस्तिकेत आकडे दोन असतात. सेस्ना १७२एस हे चार आसनी विमान समुद्रसपाटीला, प्रमाण हवेत, चाकं टेकल्यापासून ५७५ फुटांत थांबतं. ५० फूट उंचीवरून धरलं तर १,३३५ फूट लागतात. गप्पांत मात्र पहिलाच आकडा ऐकू येतो! शिवाय दोन्ही आकडे कोरड्या, सपाट, पक्क्या पट्टीचे, वेग तंतोतंत राखून मिळवलेले. वेग १० टक्के जास्त ठेवला की थांबायला सुमारे २१ टक्के अंतर जास्त लागतं, कारण वेगाचा वर्ग होतो. त्यात मागून वारा किंवा ओलं गवत असलं तर विचारूच नका.

म्हणून ब्रिटनमध्ये खासगी वैमानिकांना पुस्तिकेतलं अंतर १.४३ने गुणायला सांगतात. १,३३५चे झाले जवळपास १,९१०. पण ही शिफारस आहे, सक्ती नाही. अमेरिकेतला नियम पट्टीची लांबी आणि लागणारं अंतर उड्डाणाआधी माहीत असावं एवढंच म्हणतो. किती राखून ठेवायचं ते वैमानिकावर सोडलंय. प्रवासी जेटला मात्र निघतानाच्या हिशेबात पट्टीच्या ६० टक्क्यांत थांबता आलं पाहिजे. छोट्या विमानांनाही असा गुणक सक्तीचा करावा म्हटलं, की विरोध करणारे म्हणतात, शेतातल्या आखूड पट्ट्या बंद पडतील. पडतीलही काही. पण १,८०० फुटांची पट्टी ज्याला या गुणकानंतर पुरत नाही, त्याला ओल्या गवतावर ती पुरेल कशी, याचं उत्तर त्यांच्याकडून मिळत नाही.

नंतरच्या सुधारणा मोठ्या विमानांभोवतीच फिरल्या. २००५मध्ये शिकागोत बर्फात एक जेट पट्टी ओलांडून रस्त्यावर गेलं. त्यातून पट्टीच्या स्थितीचे ० ते ६ असे अंक आले: अमेरिकेत २०१६मध्ये, जगभर २०२१मध्ये. गवताळ पट्टीवर असा अंक द्यायला बहुधा कोणी नसतंच. १९९०च्या दशकात पट्टीच्या टोकाला चुरा होणाऱ्या काँक्रीटचे थर घालायला सुरुवात झाली. जेटची चाकं त्यात रुततात आणि विमान थांबतं. हलक्या विमानाच्या वजनाने तो थर नीट फुटतही नाही.