लॉट टेस्टिंग (पॉइंट टू टू काडतुसे)

लॉट टेस्टिंग : एखाद्या ठरावीक पॉइंट टू टू (०.२२ इंची, म्हणजे ५.६ मिलिमीटरच्या गोळीच्या) रायफलच्या नळीला काडतुसांचा कोणता लॉट मानवतो, हे ५० मीटरवर गोळ्या झाडून ठरवण्याची पद्धत. लॉट म्हणजे एकाच यंत्रावर, दारू, शिसे आणि वंगण न बदलता सलग तयार झालेली काडतुसे. लॉटचा क्रमांक प्रत्येक डबीवर असतो. एका डबीत ५०, विटेत ५०० आणि पेटीत ५,००० काडतुसे येतात. एकाच नावाचे, एकाच किमतीचे दोन लॉट एकाच नळीतून अगदी वेगळे वागतात, आणि जो लॉट एकाच्या रायफलला उत्तम तो शेजारच्या लेनवरच्या रायफलला टाकाऊ ठरू शकतो. त्यामुळे ‘सगळ्यात महाग डबी घ्या’ हा सल्ला अर्धाच खरा आहे.

कोल्हापुरात हा विषय नेमबाजांच्या रोजच्या बोलण्यातला आहे. २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर रायफल प्रोनचे (पालथे पडून नेम धरण्याच्या प्रकाराचे) सुवर्ण जिंकणाऱ्या तेजस्विनी सावंत कोल्हापूरच्या. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनच्या (गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून) अंतिम फेरीत ४५१.४ गुणांसह कांस्य मिळवणारे स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे. दोन्ही प्रकार पॉइंट टू टूचे. एअर रायफलवरून पॉइंट टू टूवर येणाऱ्या मुलाला नळीइतकाच काडतुसांचा खर्च सोसावा लागतो, आणि नेमका याच टप्प्यावर चुकीचा लॉट पेटीभर घेतला जातो.

दारू निवडता का येत नाही : मोठ्या, म्हणजे सेंटरफायर, रायफलचे रिकामे केस, म्हणजे काडतुसाचे पितळी कवच, पुन्हा भरता येते. बुडाच्या मधोमध नवी टोपी (दारू पेटवणारा प्राइमर) बसवायची, दारू मोजून घालायची, गोळी दाबायची. हे करणारे परदेशी नेमबाज धूररहित दारू जळण्याच्या वेगावरून निवडतात. केस लहान आणि गोळी हलकी असेल तर झटपट जळणारी, केस मोठे आणि गोळी जड असेल तर सावकाश जळणारी. केसची बहुतेक जागा भरून टाकणारी दारू त्यांना पसंत असते, कारण अर्धवट भरलेल्या केसमध्ये दारू कधी टोपीकडे तर कधी गोळीकडे सरकते आणि दर बाराला वेग बदलतो. उन्हाथंडीत वेग फारसा न बदलणारी दारू त्याहून मोलाची. भरणी छापील तक्त्यातल्या सुरुवातीच्या वजनापासून थोडी थोडी वाढवतात. टोपी चपटी दिसू लागली किंवा बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा दांडा) उघडायला जड गेला की तिथेच थांबतात. सावकाश दारूच्या मापाने झटपट दारू भरली तर रायफल फुटू शकते. भारतात काडतुसे तयार करायला शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवाना लागतो, त्यामुळे हा उद्योग इथे छंद म्हणून सहसा होत नाही.

पॉइंट टू टूचा प्रश्नच वेगळा. हे रिमफायर काडतूस आहे. पेटते मिश्रण टोपीत नसते. ते केसच्या बुडाच्या पोकळ काठात ओले घालून गरगर फिरवून पसरवलेले असते. पिन तो काठ चेचते आणि बार उडतो. चेचलेला काठ पुन्हा वापरता येत नाही. म्हणून कारखान्याने जे भरले तेच झाडायचे. दारूची निवड हातातून गेली, की नेमबाजाकडे लॉटची निवड तेवढी उरते.

लॉट-लॉटमध्ये फरक का पडतो : ४० ग्रेनच्या, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमच्या शिशाच्या गोळीमागे दारू असते एक-दशांश ग्रॅमच्या आसपास. एवढ्याशा मापात किंचित कमी-जास्त झाले, काठातले मिश्रण एका बाजूला दाट बसले, गोळीवर केसची पकड सैल झाली, तर वेग हलतो. सामन्याच्या काडतुसाचा वेग साधारण ३२५ मीटर प्रतिसेकंद असतो. तो मुद्दाम ध्वनीच्या वेगाखाली ठेवलेला असतो, कारण वाटेत ध्वनीचा वेग ओलांडून खाली येताना गोळी डगमगते. ५० मीटर जायला तिला ०.१६ सेकंद लागतात, आणि तेवढ्यात ती सुमारे १२७ मिलिमीटर खाली पडते. वेग एक टक्का घटला की ही पडझड दोन टक्क्यांनी वाढते, म्हणजे अडीच मिलिमीटर. सर्वांत जलद आणि सर्वांत संथ गोळीत १० मीटर प्रतिसेकंदांचा फरक असलेला लॉट हिशेबाने उभ्या रेषेत जवळपास आठ मिलिमीटर पसरायला हवा.

प्रत्यक्षात कधी पसरतो, कधी पसरत नाही. बार होताना नळी कंप पावते आणि तिचे तोंड वर-खाली होते. संथ गोळी उशिरा बाहेर पडते. त्या क्षणी तोंड वर जात असेल तर गोळी थोड्या उंच कोनात सुटते आणि तिची पडझड आपोआप भरून निघते. तोंड खाली जात असेल तर नुकसान आणखी वाढते. डबीवर छापलेला वेग वाचून किंवा फक्त क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारे यंत्र) लावून लॉट निवडता येत नाही, त्याचे कारण हे.

मोजायचे काय : ५० मीटर रायफलच्या लक्ष्यात दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. गोळी ५.६ मिलिमीटरची, आणि तिची कड वर्तुळाला शिवली तरी दहा मिळतात. म्हणजे गोळीचे मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरपर्यंत चालते. गोळ्यांचे मध्य १६ मिलिमीटरच्या वर्तुळात, आणि कडेपासून कडेपर्यंत मोजले तर सगळी भोके २१.६ मिलिमीटरमध्ये बसली पाहिजेत. २०११ सालच्या मालिकेतले रुपयाचे नाणे जवळपास याच मापाचे आहे. चाळीस गोळ्यांची भोके त्या नाण्याखाली झाकली गेली, तर लॉट दहाच्या आत राहतो. अर्थात हे रायफल शिकंजात (घट्ट आवळून धरणाऱ्या पकडीत) असताना. माणसाच्या खांद्यावर आल्यावर श्वास, नाडी आणि वारा यांचाही वाटा निघतो. लॉटने जेवढी जागा खाल्ली तेवढी नेमबाजाच्या वाट्याची कमी. दशांश गुणांच्या स्पर्धेत ०.८ मिलिमीटरला एक दशांश जातो, तिथे तर हे फारच बोचते.

पद्धत : एली, लापुआ, आरडब्ल्यूएस या काडतुसे बनवणाऱ्या कंपन्यांच्या चाचणी-बोगद्यात रायफलचा दस्ता काढून नळी आणि ॲक्शन (बोल्ट व घोड्याची यंत्रणा) शिकंजात आवळतात, आणि प्रत्येक लॉटच्या दहा-दहा फैरी झाडून इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर मोजतात. परदेशी स्पर्धेला जाणारे नेमबाज सवडीने हे उरकून येतात. बाकीच्यांना ते आपल्या रेंजवरच करावे लागते, आणि नीट केले तर चांगले जमते.

कोल्हापुरात त्यासाठी वेळ सकाळची, उन्हे तापायच्या आणि वारा सुटायच्या आत. पावसाळ्यात बंदिस्त लेन मिळाली तरच. दस्त्याचे स्क्रू टॉर्कच्या (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या) पान्याने नेहमीच्या आकड्यावर आवळून घ्यावेत. सैल स्क्रूने बिघडलेला ग्रुप (लक्ष्यावरच्या भोकांचा पुंजका) लॉटच्या माथी मारला जातो, ही सर्वांत जास्त होणारी चूक. शिकंजा नसेल तर टेबल, पुढे-मागे वाळूच्या पिशव्या आणि दर फैरीला तीच पकड. नळी साफ करून सुरुवात करावी, पण साफ नळीच्या पहिल्या दहा-पंधरा फैरी मोजू नयेत. पॉइंट टू टूच्या गोळीचे वंगण बाहेरून लावलेले असते आणि नळीच्या आत त्याचा थर बसायला तेवढ्या फैरी लागतात. कंपनी बदलली की वंगणही बदलते, म्हणून पुन्हा दहा-पंधरा. त्याच कंपनीचा दुसरा लॉट असेल तर पाच पुरतात.

पाच लॉट असतील तर प्रत्येकाच्या दहा फैरींच्या चार लक्ष्यपट्ट्या, म्हणजे मोजणीच्या २०० फैरी. त्या एका लॉटच्या चाळीस, मग दुसऱ्याच्या चाळीस अशा झाडू नयेत. एकदा क-ख-ग-घ-ङ आणि मग उलट ङ-घ-ग-ख-क असे आलटून-पालटून करावे, म्हणजे नऊ वाजता सुटलेल्या वाऱ्याचा भार एकाच लॉटवर पडत नाही. उलट फेरीत कंपनी बदलते तिथे बसवणीच्या फैरी पुन्हा द्याव्या लागतात. ते खर्चिक आहे, पण पेटीच्या किमतीपुढे किरकोळ.

निकाल काढताना चारही पट्ट्या एकावर एक धरून चाळीस गोळ्यांचा एकच ग्रुप मोजावा. इथे माणूस स्वतःला फसवतो. दहा गोळ्यांचा एखादा सुरेख ग्रुप, चार भोकांचे एकच झालेले, हातात आला की तोच लॉट आवडतो. दहा गोळ्यांचा चांगला ग्रुप मध्यम लॉटही नशिबाने काढतो. ‘ती एक गोळी माझ्याकडून गेली’ म्हणून फ्लायर (ग्रुपपासून दूर गेलेली गोळी) वगळायचा मोह टाळावा. शिकंजात तर ते कारणच उरत नाही. वरच्या दोन लॉटची दुसऱ्या दिवशी आणखी चाळीस-चाळीस फैरींनी फेरतपासणी करावी. पहिल्या दिवशी पहिला आलेला बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी थोडा मागे येतो. दोघांत फरक उरत नसेल तर जो जास्त मिळतो तो घ्यावा.

काठाची जाडी मोजून काडतुसे वेगळी करणारे, एकेक तोलणारे लोक आहेत. सामन्याच्या दर्जाच्या काडतुसात त्यातून हाती लागते ते त्या कष्टाच्या मानाने नगण्य.

पिस्तूलची गोष्ट निराळी. २५ मीटर पिस्तूलमध्ये, ज्यात कोल्हापूरच्याच राही सरनोबत यांनी २०१८ चे आशियाई सुवर्ण घेतले, प्रिसिजनच्या (सावकाश नेम धरून मारण्याच्या टप्प्याच्या) लक्ष्यातले दहाचे वर्तुळ ५० मिलिमीटरचे असते. तिथे लॉट किती घट्ट मारतो यापेक्षा काडतूस न अडकता भरले जाते की नाही, हे आधी पाहतात.

बिघाड : मधेच वर-खाली फेकणारी गोळी नेहमी लॉटचीच नसते. चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसते त्या खोबणीच्या, तोंडाशी काजळीचे कडे जमते, त्यात गोळी घासून शिसे खरवडले जाते. भरलेले काडतूस न झाडता बाहेर काढून गोळीवर ओरखडा दिसतो का ते पाहावे. जमिनीवर पडलेले काडतूस मोजणीत घेऊ नये. उघड्या वंगणाला चिकटलेली धूळ थेट नळीत जाते. बार झालाच नाही तर नळी लक्ष्याकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबावे, मग बोल्ट उघडावा. आवाज फुसका आला तर पुढची फैर झाडण्याआधी बोल्ट काढून नळी आरपार मोकळी आहे का ते बघावे. नळीत अडकलेल्या गोळीवर दुसरी गोळी झाडली तर नळी फुगते आणि रायफल कायमची जाते. न उडालेली काडतुसे रेंजच्या वेगळ्या डब्यात टाकतात, ती फोडून पाहत नाहीत. चाचणीनंतर हात साबणाने धुतल्याशिवाय चहाचा कप धरू नये. बोटांवर शिसे असते.

साठवण : थंडीत मेणचट वंगण कडक होते, उन्हात मऊ पडते, आणि दारूचा वेगही तापमानाप्रमाणे हलतो. एप्रिलच्या दुपारी गाडीच्या डिकीत तापलेली पेटी सकाळच्या चाचणीसारखी वागत नाही. परवानाधारकाच्या कुलूपबंद लोखंडी कपाटात, भिंतीची ओल लागणार नाही अशी ठेवावी, आणि जुलै-ऑगस्टमध्ये आत ओल शोषणाऱ्या पुड्या टाकाव्यात. चाचणी हिवाळ्यात झाली असेल तर उन्हाळ्यातल्या स्पर्धेआधी दोन पट्ट्या झाडून खात्री करून घेणे बरे.

लॉट संपला की संपला, तो क्रमांक पुन्हा निघत नाही. म्हणून निवडलेल्या लॉटच्या शेवटच्या चार डब्या सरावात उडवत नाहीत. त्या वहीतल्या ग्रुपच्या नोंदीसह बाजूला ठेवतात आणि पुढच्या चाचणीत नव्या लॉटबरोबर त्यांचीही एक पट्टी झाडतात. जुना लॉटही त्या दिवशी वाईट मारू लागला तर दोष नव्या काडतुसांत नसून नळीत, स्क्रूत किंवा हवेत शोधायचा.