जर-तरला अर्थ असतो

डिसेंबर संपत आला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मजकूर न चुकता अवतरतो. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातून १९५३ साली बाहेर पडलेल्यांपैकी फक्त ३ टक्के विद्यार्थ्यांनी आपली ध्येयं कागदावर लिहून ठेवली होती. वीस वर्षांनी पाहिलं तर त्यांची संपत्ती उरलेल्या ९७ टक्क्यांच्या एकत्रित संपत्तीपेक्षा जास्त! खाली जोडलेले हात आणि फुलांचा गुच्छ. यंदा तर तो दोनदा आला.

असा अभ्यास झालेलाच नाही. १९९६ मध्ये ‘फास्ट कंपनी’ या अमेरिकी मासिकाने त्याचा माग काढला, तेव्हा व्याख्यानांत हा किस्सा सांगणारे वक्ते एकमेकांकडे बोट दाखवत राहिले आणि खुद्द येलकडे त्याचा मागमूस निघाला नाही. मला राग येतो तो थापेचा नाही. या विषयावर खरे प्रयोग ढीगभर झालेत, आणि ते या थापेपेक्षा कितीतरी मजेदार आहेत, पण त्यांना कोणी फॉरवर्ड करत नाही.

एक लगेच सांगून टाकतो. १९७० च्या दशकात गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञाने ओक्लाहोमात लाकडाचे ओंडके वाहणाऱ्या ट्रकचालकांवर प्रयोग केला. गाड्या कायदेशीर वजनमर्यादेच्या साधारण ६० टक्केच भरून निघायच्या. ‘जमेल तेवढं भरा’ म्हणून काही हललं नव्हतं. ‘९४ टक्के’ असा नेमका आकडा दिल्यावर, जादा पैसे न देताही, काही महिन्यांत भार ९० टक्क्यांच्या आसपास पोचला. ‘जमेल तेवढं’ हे उद्दिष्ट नसतंच, कारण कितीही कमी केलं तरी ‘एवढंच जमलं’ म्हणता येतं.

पण ट्रकवर वजनकाटा असतो. आपल्या आयुष्यातल्या ध्येयांचं काय? इथे सकारात्मक मानसशास्त्राचं नाव पुढे येतं. मार्टिन सेलिग्मन १९९८ मध्ये अमेरिकी मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष झाले आणि आजाराइतकाच माणसाच्या बहराचाही अभ्यास करा, असं त्यांनी आपल्या क्षेत्राला सांगितलं. त्यातला ‘सकारात्मक’ हा शब्द बाजाराने उचलला आणि अर्थ तिथेच टाकून दिला. मग आल्या व्हिजन बोर्डच्या, म्हणजे स्वप्नांची चित्रं फळ्यावर चिकटवण्याच्या कार्यशाळा, मनात घोकून इच्छा ‘मॅनिफेस्ट’ म्हणजे प्रत्यक्षात आणणं, इच्छा सकाळी तीनदा, दुपारी सहादा, रात्री नऊदा लिहिणं. आमच्या लहानपणी ‘हे पत्र अकरा जणांना पाठवा, नाहीतर नुकसान होईल’ अशी पोस्टकार्डं यायची. त्या मानाने हा प्रकार महाग आहे.

गॅब्रिएल ओटिंगन या संशोधिकेने नेमकं हेच तपासलं. १९९१ च्या त्यांच्या अभ्यासात वजन कमी करण्याच्या कार्यक्रमातल्या २५ स्त्रिया होत्या. ‘मला हे जमेल’ असा अंदाज असणाऱ्यांचं वजन जास्त घटलं, ते ठीक. पण बारीक झाल्याच्या गोड दिवास्वप्नांत रमणाऱ्यांचं वजन इतरांपेक्षा सुमारे ११ किलोने कमी घटलं. पुढे २०११ मध्ये त्यांनी आणि हीदर कॅप्स यांनी दाखवलं की असं मनोराज्य करताना वरचा रक्तदाब चक्क खाली येतो. मनाने मुक्काम गाठला की शरीर कमरेचा पट्टा सैल करतं!

मग काय करायचं? आता माझ्या सगळ्यात लाडक्या यंत्रणेकडे येतो.

१९२६ मध्ये कुर्ट लेविन या जर्मन मानसशास्त्रज्ञाने एक साधं उदाहरण दिलं होतं. खिशात पत्र आहे, टाकायचं आहे. रस्त्याने जाताना टपालपेटी दिसली की ती जणू आपल्याला हाक मारते. पत्र टाकलं की पुढच्या पेट्या पुन्हा मुक्या. लेविनला रस होता तो आपल्या आतल्या ताणात. सत्तरेक वर्षांनी मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी लक्ष वळवलं ते पेटीकडे. ही पेटी आपणच निवडून, आधीच रस्त्यात उभी करून ठेवली तर?

जर्मनीतल्या विद्यार्थ्यांना त्यांनी एक काम दिलं. नाताळची संध्याकाळ कशी घालवली याचं टिपण ४८ तासांच्या आत लिहून धाडायचं. निम्म्यांना एवढंच सांगितलं. उरलेल्यांना लिहायला लावलं, की तुम्ही हे नेमकं केव्हा आणि कुठे बसून कराल. पहिल्या गटात सुमारे एक तृतीयांश जणांनी मुदतीत लिहिलं, दुसऱ्यात सुमारे तीन चतुर्थांश. इच्छा दोघांचीही होती. फरक पडला तो एका वाक्याने: ‘जर अमुक घडलं, तर मी तमुक करीन.’

आपल्याकडे ‘जर-तरच्या गोष्टी’ म्हणजे बिनकामाची बडबड. इथे उलटं आहे. ‘जर’ मध्ये बांधलेली खूण स्मृतीत तापून राहते. एका डच प्रयोगात असा बेत आखलेल्यांनी बेतातल्या जागेशी जोडलेले शब्द पडद्यावर इतरांपेक्षा लवकर ओळखले. आणि ‘तर’ मधली कृती त्या खुणेला अशी चिकटते की ती दिसल्यावर पुन्हा ठरवावं लागत नाही. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेल्या, म्हणजे जाणीवपूर्वक नियंत्रण दुबळं झालेल्या रुग्णांनाही जर-तरचा फायदा झाला. मेंदूच्या स्कॅनमध्ये तर गंमतच दिसते. कपाळामागे, ब्रॉडमन या शास्त्रज्ञाच्या मेंदूच्या नकाशातलं, १० क्रमांकाचं क्षेत्र आहे. नुसता इरादा धरून काम केलं तर त्याचा बाहेरचा भाग जास्त सक्रिय होतो, जर-तरने केलं तर मधला. ढोबळमानाने, बाहेरचा भाग आपणहून आठवून सुरुवात करण्याचा आणि मधला बाहेरच्या खुणेला प्रतिसाद देण्याचा. (क्षेत्राचा क्रमांक विसरलात तरी चालेल. मला तो सांगितल्याशिवाय राहवलं नाही.) २००६ मध्ये गोलविट्झर आणि पास्कल शीरन यांनी अशा ९४ चाचण्या एकत्र तपासल्या आणि परिणाम मध्यम ते मोठा निघाला.

इथे कोणीतरी म्हणणारच, की हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं! पूजेच्या संकल्पात गुरुजी काय म्हणतात? जंबुद्वीपे, भरतवर्षे, गोदावर्याः दक्षिणे तीरे, शालिवाहन शके, मग तिथी, वार, नक्षत्र. केव्हा आणि कुठे, दोन्ही आलं. साम्य सुंदर आहे, पण तेवढंच. तो संकल्प आत्ता, याच पाटावर बसून सुरू होणाऱ्या कर्माचा पत्ता सांगतो. गोलविट्झरचं वाक्य उद्याच्या विसराळू माणसासाठी सापळा लावतं. पळी पंचपात्री हातात असताना विसरायला वावच कुठे असतो?

जर-तरला हे ध्येय कोणाचं आहे ते मात्र कळत नाही. केनन शेल्डन आणि अँड्र्यू एलियट या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये लोकांना विचारलं, तुम्ही यामागे का लागलात? लोक म्हणतात म्हणून, नाही केलं तर अपराधी वाटेल म्हणून, पटलंय म्हणून, की त्यातच मजा आहे म्हणून? शेवटच्या दोन कारणांची ध्येयं माणसं जास्त चिकाटीने धरून ठेवतात, आणि ती गाठल्यावर समाधानही जास्त मिळतं. पुढे कॅनडात रिचर्ड कोस्टनर यांच्या गटाला आढळलं की जर-तरचा बेत अशा आपल्या वाटणाऱ्या ध्येयांवर जास्त चालतो. ‘जर सहा वाजले, तर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास’ हे वाक्य कितीही नेमकं असो, परीक्षा जर काकांना द्यायची असेल तर...

आकड्यांचीही नशा नको. अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीत फ्लूची लस घेण्याची तारीख आणि वेळ लिहून ठेवायला सांगितल्यावर लस घेणाऱ्यांचं प्रमाण ३३ वरून ३७ टक्क्यांवर गेलं. नाताळच्या टिपणापुढे हे किरकोळ वाटेल, पण खर्च होता फक्त पत्रावरच्या दोन रिकाम्या चौकटींचा. शिवाय एकदम सहा ध्येयांचे सहा बेत आखले तर फायदा विरतो.

माझा बेत एकच होता: दूधवाल्याने दाराला पिशवी अडकवल्याचा आवाज आला, की बूट घालायचे आणि चालायला निघायचं. तीन आठवडे पाय आपोआप बुटात गेले. मग दूधवाला भाचीच्या लग्नाला गावी गेला. आम्ही चार दिवस कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणलं आणि त्या चारही दिवसांत मी चाललो नाही. पाचव्या दिवशी दाराशी पिशवी खुळखुळली, तेव्हा कुठे लक्षात आलं.