ज्यूस प्यायलात म्हणजे फळ खाल्लं असं होत नाही

हॉस्टेलवर कुणालाही विचारा, फळं खातोस का, उत्तर ठरलेलं असतं, "हो मग, रोज सकाळी ज्यूस घेतो." अरे पण मी फळाचं विचारलं! हे इतक्यांदा ऐकलंय की म्हटलं एकदा लिहूनच टाकू.

फळात काय असतं ते शाळेपासून पाठ आहे सगळ्यांना, त्यात जात नाही. ज्यूसमध्येही जीवनसत्त्वं, पोटॅशियम बऱ्यापैकी उतरतं, त्यावरून भांडण नाहीच. ताजा की पॅकबंद हा वादही सोडा, मी म्हणतोय त्या बाबतीत दोन्ही एकाच माळेचे मणी.

घोळ होतो साखरेपाशी. लोकांच्या डोक्यात दोनच कप्पे असतात, वरून घातलेली साखर वाईट आणि फळातली नैसर्गिक साखर चांगली, त्यामुळे खोक्यावर 'नो अॅडेड शुगर' दिसलं की गडी निर्धास्त (त्या तीन शब्दांशी माझं जुनं वैर आहे). पण साखर कुठून आली याच्याशी शरीराला काही देणंघेणं नसतं, ती कशात अडकलीये आणि किती वेगाने येतेय हे महत्त्वाचं. अख्ख्या फळात साखर पेशींच्या भिंतींच्या आत कोंडलेली असते, चावताना काही भिंती फुटतात, बऱ्याच तशाच पोटात जातात, चोथा जागा अडवतो आणि साखर रक्तात जाते ती दमादमाने. ज्यूसरने हे सगळं आधीच उरकलेलं असतं, भिंती फोडल्या, चोथा फेकला, उरलं जीवनसत्त्वं घातलेलं साखरेचं पाणी.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये साखरेची मर्यादा सांगितली तेव्हा ज्यूसमधली साखर 'फ्री शुगर' म्हणून धरली, मध आणि सिरपच्या रांगेत, आणि अख्ख्या फळातली धरली नाही. तेच संत्रं, तीच साखर, पण पिळलं की रांग बदलते! मर्यादा आहे दिवसाच्या कॅलरीजच्या 10 टक्क्यांच्या आत, म्हणजे 2000 कॅलरी खाणाऱ्याला 50 ग्रॅम, आणि संत्र्याच्या ज्यूसच्या 250 मिलीच्या ग्लासात 20 ते 25 ग्रॅम सहज असते. एका ग्लासात जवळपास अर्धा कोटा खल्लास, आणि पोट रिकामंच.

पोट रिकामं हे उगाच नाही म्हणत. 1977 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक मस्त प्रयोग आला होता, लोकांना सफरचंद दिलं, एकदा अख्खं, एकदा लगदा करून, एकदा ज्यूस करून. ज्यूस अख्ख्या सफरचंदाच्या 11 पट वेगाने संपला, भूक सगळ्यात कमी त्यानेच भागली, इन्सुलिन (रक्तातली साखर उतरवणारं हार्मोन) जास्त चढलं आणि नंतर रक्तातली साखर खाली घसरली. सकाळी ज्यूसवर निघून अकराच्या लेक्चरला बिस्किटाचा पुडा का उघडावा लागतो ते कळलं असेल.

"पण मी तर बारीक आहे" हे पुढचं वाक्य मला माहितीये. बाबा रे, मेटाबोलिक सिंड्रोम (डायबेटिस आणि हृदयविकाराकडे नेणाऱ्या बिघाडांचा गट) ठरवताना वजनकाट्यावर उभं करत नाहीत, कंबरेचा घेर, ट्रायग्लिसराईड (रक्तातली चरबी), एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल), बीपी आणि उपाशीपोटीची साखर बघतात, पाचातली तीन बिघडली की झालं. गरजेपेक्षा जास्त फ्रुक्टोज (फळातल्या साखरेचा एक प्रकार) भसाभस आलं की लिव्हर त्याची चरबी करतं आणि ट्रायग्लिसराईड वाढतात, आरशात दिसो न दिसो. 2013 मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या आरोग्य क्षेत्रातल्या लोकांचा मोठा अभ्यास आला, त्यात ब्लूबेरी, द्राक्षं, सफरचंद अख्खी खाणाऱ्यांना टाइप 2 डायबेटिस कमी आणि ज्यूसवाल्यांना जास्त दिसला. तो निरीक्षणाचा अभ्यास आहे, म्हणजे कारण सिद्ध करत नाही, आणि ते लोक काही विद्यार्थी नव्हते, त्यामुळे एका ग्लासाने डायबेटिस होतो असला मेसेज फॉरवर्ड करत सुटू नका प्लीज.

स्मूदी या दोघांच्या मधे येते. फळ गाळलं नाही तर चोथा आतच राहतो त्यामुळे तिला ज्यूसच्या पंगतीत बसवणं अन्याय आहे, पण चार फळं दोन मिनिटांत घशाखाली जातात तेही खरं. मला विचाराल तर चावा.

ब्रिटनमध्ये दिवसाला फळं-भाज्यांचे पाच वाटे खा असं सांगतात, त्यात ज्यूस धरतात, पण 150 मिली आणि एकच वाटा, मग तुम्ही बादलीभर का पिईना.

आणि हो, फ्राईज खाऊन 'भाजी झाली' म्हणणाऱ्यांनो, दिवसाला 400 ग्रॅम फळं-भाज्या खा असं सांगतात त्यात बटाटा मोजतच नाहीत.