सीरियल किलरच्या पार्श्वभूमीविषयीचे हौशी तर्क

एकामागून एक खून करणारा माणूस सापडत नाही, तेव्हा त्याचे गाव, धंदा, शिक्षण, जात, घरची परिस्थिती आणि डोक्याची अवस्था यांविषयी तपासाबाहेरचे लोक जे अंदाज बांधतात, ते हौशी तर्क. यातला सर्वांत जुना आणि गाजलेला वाद लंडनच्या व्हाइटचॅपलचा आहे. तिथे १८८८ मध्ये ३१ ऑगस्ट ते ९ नोव्हेंबर या काळात पाच स्त्रियांचे खून झाले. मारेकरी डॉक्टर होता की खाटीक, यावर लोक अजून भांडतात. खरे तर तेव्हाच्या डॉक्टरांतही एकमत नव्हते. जॉर्ज बॅगस्टर फिलिप्स यांना मारेकऱ्याच्या हातात शरीररचनेची जाण दिसली, तर थॉमस बाँड यांना खाटकाइतकीही दिसली नाही.

ठाणेकर या विषयाकडे येतो तो रुळांवरून. १९६५-६६ मध्ये मुंबईच्या पूर्व उपनगरांत, जुने लोक ज्याला जीआयपी म्हणत त्या रेल्वेमार्गाच्या कडेने, झोपलेल्या गरीब माणसांवर हल्ले झाले. तेव्हा रामन राघव हा बेघर माणूस पोलिसांच्या हाती लागला आणि पुराव्याअभावी सुटला. १९६८ मध्ये खून पुन्हा सुरू झाले. पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या देखरेखीखाली तपास चालला आणि २७ ऑगस्ट १९६८ रोजी उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियाल्हो यांनी त्याला पकडले. तोवर खुनी मांजराचे रूप घेतो, पोपट होऊन उडून जातो, इथपर्यंत बोलणी गेली होती.

प्रस्तुत लेखकाच्या आजीने नौपाड्यातल्या वाड्यात ओटीवर झोपणे त्या वर्षी बंद केले. रात्री ती दाराला आतून पाटा टेकवायची आणि वरवंटा उशाशी ठेवायची. पोपटाची गोष्ट तिला पटत नसे. तिचे म्हणणे वेगळे होते : हा गिरणीतून काढलेला कामगार असणार, कारण रात्रपाळी अंगात मुरल्याशिवाय माणूस पहाटे तीनला टक्क जागा राहत नाही. आजोबा तेव्हा रात्रपाळीला जात असत. बहुतेक हौशी तर्क असेच जन्मतात, न दिसणाऱ्या माणसाला आपल्याच खुंटीवरचे कपडे चढवून.

प्रत्यक्षात सापडलेला माणूस सिंधी दलवाई, अण्णा, तंबी, वेलुस्वामी अशा अनेक नावांनी वावरत होता. फाशीची शिक्षा झाल्यावर उच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या तीन मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला तपासले. तो बरा न होणारा मनोरुग्ण आहे असा निष्कर्ष निघाला आणि फाशीची जन्मठेप झाली. १९९५ मध्ये तो पुण्यात वारला.

त्या निकालामुळे एक जुना तर्क पक्का होऊन बसला : खुनी म्हणजे वेडाच. मराठीत ‘याला ठाण्याला पाठवा’ एवढे म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. १९०१ पासून शहरात मनोरुग्णालय आहे आणि हे वाक्य इथल्या प्रत्येकाने बाहेरगावच्या नातेवाइकांकडून लहानपणापासून ऐकलेले आहे. कुठे विचित्र खून झाला की ‘तिथूनच कुणी सुटला असेल’ हे इथे लगेच निघते. सगळ्या तर्कांत हा सर्वांत अन्यायाचा आहे. मानसिक आजार असलेली बहुतेक माणसे कुणाच्या वाटेला जात नाहीत. उलट मार खाण्याची, लुबाडले जाण्याची पाळी त्यांच्यावरच जास्त येते.

१९८५ ते १९८७ या काळात सायन-किंग्ज सर्कल भागात फुटपाथवर एकट्या झोपलेल्या किमान बारा जणांची डोकी मोठ्या दगडाने ठेचली गेली. १९८९ मध्ये कोलकात्यात तशाच पद्धतीने तेरा खून झाले आणि ‘स्टोनमॅन’ हे नाव रुळले. दोन्हीकडे कुणावरही खून सिद्ध झाले नाहीत. मुंबईत एक वेटर हल्ल्यातून वाचला, पण अंधारात त्याला चेहरा दिसला नव्हता. जे हाती होते ते एवढेच : दगड, रात्रीची वेळ आणि एकटा माणूस. तरीही तर्कांना तोटा नव्हता. दगड सुमारे तीस किलोपर्यंतचा, म्हणून मारेकरी धिप्पाड. धिप्पाड, म्हणून हमाल किंवा पाथरवट. मुंबईत थांबले आणि कोलकात्यात सुरू झाले, म्हणून गाव बदलणारा, बहुधा ट्रकवाला. बळी गरीब, म्हणून नरबळी देणारा मांत्रिक. पहिलीच पायरी किती कच्ची आहे हे पाहायचे तर पहाटे वाशीच्या बाजार समितीत उभे राहावे. पन्नास किलोचे पोते पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारा माथाडी बहुतेक वेळा शिडशिडीत असतो. पोते टाकून तो डोक्याचा पंचा सोडतो, घाम पुसतो आणि पुन्हा वळतो. अंगमेहनतीवर जगणाऱ्या या पट्ट्यात तीस किलो उचलता येणे ही कुणाचीच ओळख ठरत नाही.

या प्रकरणातली एक गोष्ट मनाला लागते. मेलेल्यांपैकी अनेकांची ओळख पटवायला कुणी नातलग आले नाहीत. मारणाऱ्याचे बालपण, बाप, बायको यांवर रात्र रात्र बोलणे होते. दगडाखाली गेलेला कुठल्या तालुक्यातून आला होता, कुणाला पैसे पाठवत होता, यावर तर्क करायला कुणी बसत नाही.

टोपणनाव हाही एक तर्कच असतो. २००६-०७ मध्ये दक्षिण मुंबईतल्या काही मृतदेहांजवळ बिअरची बाटली मिळाली आणि ‘बिअर मॅन’ तयार झाला. नाव पडताच दारुडेपणाही आपोआप चिकटला. या प्रकरणात ज्याला शिक्षा झाली होती, त्याला २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्दोष सोडले.

बोलीवरून गाव ओळखण्याची मराठी माणसाला फार खात्री असते. दोन वाक्यांत आगरी हेल, कोकणी हेल किंवा वऱ्हाडी आपण सांगतो आणि बहुधा चुकत नाही. इंग्लंडच्या यॉर्कशायरमध्ये स्त्रियांचे एकामागून एक खून होत होते, तेव्हा हीच खात्री घात करून गेली. जून १९७९ मध्ये तपास अधिकाऱ्याला खुनी म्हणवणाऱ्या माणसाची ध्वनिफीत आली. भाषातज्ज्ञांनी तो आवाज संडरलंडच्या एका वस्तीपर्यंत नेमका नेऊन पोहोचवला, आणि ते बरोबरही होते. फक्त आवाज खुन्याचा नव्हता. तो हेल नसलेल्या संशयितांना बाजूला काढले गेले. त्यात खरा खुनी, ब्रॅडफर्डचा ट्रकचालक पीटर सटक्लिफही सुटला. फीत आल्यानंतर त्याने आणखी तीन स्त्रियांना मारले. त्याच्या हातून मेलेल्या तेरा स्त्रियांपैकी त्या शेवटच्या तीन. जानेवारी १९८१ मध्ये तो सापडला. फितीवरचा तोतया संडरलंडचाच निघाला आणि त्यासाठी २००५ साल उजाडावे लागले.

पोलिसांच्या चुकीला निदान फाइल असते, चौकशी होते. गावभर पसरलेल्या तर्काला धनी नसतो. २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच असलेल्या पालघर भागात, गडचिंचले येथे, १६ एप्रिल २०२० रोजी मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेमुळे जमावाने दोन साधूंना आणि त्यांच्या चालकाला ठार मारले. वेगळा वेष, रात्रीची गाडी, अनोळखी चेहरे : जमावाला एवढी ‘पार्श्वभूमी’ पुरली.

हौशी माणसांच्या हाती काहीच लागत नाही असे मात्र नाही. कॅलिफोर्नियात १९६८-६९ मध्ये पाच खून करणाऱ्या ‘झोडिअ‍ॅक’ने ४०८ चिन्हांची सांकेतिक चिठ्ठी तीन तुकड्यांत तीन वृत्तपत्रांना पाठवली. ती डोनाल्ड हार्डन या शिक्षकाने आणि त्यांची पत्नी बेटी यांनी सुमारे आठवड्याभरात उकलली. बेटींचा कयास होता की एवढी आत्मप्रौढी मिरवणारा माणूस ‘मी’नेच सुरुवात करील आणि मजकुरात ‘मारणे’ हा शब्द नक्की असेल. हाही स्वभावाविषयीचा तर्कच. पण चिन्हांवर ठेवून तो लगेच पडताळता आला. उलट, एका हल्ल्याच्या जागी लष्कराला पुरवल्या जाणाऱ्या बुटांचे ठसे मिळाले, त्यावरून तो नौदलातला किंवा हवाई दलातला असे अनेकांनी ठरवून टाकले. तसे बूट सरकारी कंत्राटातून ढिगाने बनले होते. शाळेतून काढलेल्या एका माजी शिक्षकाभोवती तर लोकांनी उभे चरित्र रचले. तो १९९२ मध्ये वारला; त्याच्यावर या खुनांचा आरोप कधी ठेवला गेला नाही आणि २००२ मधल्या डीएनए तुलनेत त्याचा नमुना जुळला नाही.

त्या खुन्याची ३४० चिन्हांची दुसरी चिठ्ठी ५१ वर्षे बंद राहिली. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेचे डेव्हिड ओरानचक, ऑस्ट्रेलियाचे सॅम ब्लेक आणि बेल्जियमचे यार्ल व्हान आयका या तिघांनी ती फोडली. मजकुरात फुशारकी निघाली. नाव, गाव, धंदा यांपैकी तिच्यात काहीही नव्हते.