कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड: नावं जुळी, पण हार्ट आणि मेंदूचं नुकसान वेगळं

बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा जनरेटर चालू राहिला आणि माणसं दगावली अशी बातमी आली की कोणी ना कोणी म्हणतंच, "कार्बन डायऑक्साइड साचला असणार". आणि उलटंही होतं, खिडक्या बंद असलेल्या मीटिंग रूममध्ये डोकं जड झालं की लगेच मोनॉक्साइडचं नाव. घोळ होणं साहजिक आहे म्हणा, दोन्ही दिसत नाहीत, दोन्ही जळण्यातून निघतात आणि रेणूत फरक फक्त एका ऑक्सिजनच्या अणूचा. पण एकाबद्दलचं ज्ञान दुसऱ्याला लावलं तर जीव जाऊ शकतो.

आधी डायऑक्साइड. हा तर आपला घरचाच, शरीर दिवसाला साधारण किलोभर स्वतःच तयार करतं आणि आपल्या उच्छ्वासात तो ४ टक्क्यांच्या आसपास असतो, बाहेरच्या हवेत मात्र जेमतेम ०.०४ टक्के. रक्तात तो वाढला की रक्त आम्लधर्मी व्हायला लागतं, मेंदूच्या देठातल्या पेशींना ते ताबडतोब कळतं आणि श्वास जोरात चालू होतो. श्वास रोखून धरल्यावर जी असह्य तडफड होते ना, ती मुख्यतः ऑक्सिजन संपल्याची नसते, डायऑक्साइड वाढल्याची असते. म्हणजे हा वायू वाढला की शरीर बोंब मारतं: धाप लागते, छाती धडधडते, घाम फुटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या फुगून डोकं ठणकतं. माणूस आपोआप दाराकडे पळतो. अर्थात प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेलं तर पळायलाही वेळ मिळत नाही, काही मिनिटांत शुद्ध हरपते. कॅमेरूनमध्ये २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री न्योस तलावातून या वायूचा प्रचंड लोट बाहेर पडला, तो हवेपेक्षा जड म्हणून दऱ्याखोऱ्यांत उतरला आणि सुमारे १७०० माणसं गेली. तेव्हा डायऑक्साइड निरुपद्रवी आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये.

मोनॉक्साइडचा प्रकार मात्र कपटी आहे. तो अर्धवट जळण्यातून निघतो आणि रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या २०० ते २५० पट घट्ट चिकटतो. बसमध्ये कोणी सीट अडवून बसावं आणि उठूच नये तसं, आणि वर बाकीच्या सीटवरच्या ऑक्सिजनलाही तो स्टॉपवर नीट उतरू देत नाही, म्हणजे रक्तात जो ऑक्सिजन शिल्लक आहे तोसुद्धा पेशींना धड मिळत नाही. आणि धाप? ती बहुतेकदा लागतच नाही. कारण डायऑक्साइड तर नेहमीसारखा बाहेर पडत असतो, आणि मानेतल्या धमनीपाशी ऑक्सिजन मोजणारी जी छोटी गाठ असते ती रक्तात विरघळलेला ऑक्सिजन बघते, हिमोग्लोबिनवर किती बसलाय ते नाही, आणि विरघळलेला तर नॉर्मलच असतो. त्यामुळे सहसा गुदमरल्यासारखं वाटत नाही, नुसतं डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते, गळून गेल्यासारखं होतं, घरातल्या सगळ्यांना एकदम "व्हायरल" झाल्यासारखं पण ताप नाही, आणि घराबाहेर पडलं की बरं वाटतं. डोकं चालेनासं होतं तोवर पायातलं बळही गेलेलं असतं.

मेणबत्ती लावून हवा तपासायची युक्ती अजून सांगितली जाते, तीही इथेच फसते. जिथे डायऑक्साइड साचून ऑक्सिजन कमी झालाय तिथे ज्योत मंदावते, पण मोनॉक्साइड माणूस मारण्याइतका असला तरी ज्योत मजेत जळत राहते. स्कॉटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी १८९० च्या दशकात खाणीतल्या मृत्यूंचा अभ्यास करताना हे नीट दाखवलं, हा वायू स्वतः हुंगून परिणाम लिहून ठेवले, आणि माणसाआधी ज्यांना हा वायू बाधतो असे छोटे प्राणी-पक्षी खाणीत न्यावेत असं सुचवलं. ब्रिटनच्या खाणींमध्ये कॅनरी पक्षी १९८६ पर्यंत होते!

आता हार्ट. हृदयाचा स्नायू आपल्याकडे येणाऱ्या रक्तातला बहुतेक ऑक्सिजन एरवीही काढूनच घेतो, म्हणजे हाताशी राखीव असं काही नसतं, जास्त हवा असेल तर जास्त रक्त यायला पाहिजे, आणि ज्याच्या नळीत आधीच ब्लॉकेज आहे त्याला ते जमत नाही. १९८९ च्या एका अमेरिकन अभ्यासात हिमोग्लोबिनचा अवघा २ ते ४ टक्के भाग मोनॉक्साइडने अडवला तरी अशा पेशंटना व्यायाम करताना छातीत लवकर दुखायला लागलं. वर हा वायू स्नायूत ऑक्सिजन धरून ठेवणाऱ्या मायोग्लोबिनला आणि पेशींच्या ऊर्जायंत्रणेलाही चिकटतो. अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या एका हॉस्पिटलमधल्या २३० पेशंटच्या अभ्यासात, म्हणजे मध्यम ते गंभीर विषबाधा झालेल्यांत, ३७ टक्के लोकांच्या हृदयाला इजा आढळली, आणि पुढच्या काही वर्षांत इजा झालेल्यांपैकी ३८ टक्के वारले, इजा नसलेल्यांपैकी १५ टक्के. म्हणून अशा पेशंटला "आता बरं वाटतंय" म्हणून घरी नेऊ नये, ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी) करून घ्यावं. डायऑक्साइडनेही ठोके वाढतात, बिघडतात, पण तो श्वासावाटे पटकन निघून जातो आणि माणूस त्यातून वाचला तर हृदय बहुधा सावरतं.

मेंदूचा फरक तर मला सगळ्यात भयंकर वाटतो. डायऑक्साइड फार वाढला की गुंगी येते, फुप्फुसाच्या जुन्या पेशंटमध्ये हे दिसतं, पातळी उतरली की सहसा माणूस जागा होतो. मोनॉक्साइडमध्ये माणूस शुद्धीवर येतो, घरी जातो, नीट बोलतो-चालतो, आणि मग २ ते ४० दिवसांनी अचानक विसरभोळा होतो, स्वभाव बदलतो, चाल पार्किन्सनसारखी होते, कधी लघवीवर ताबा राहत नाही. घरच्यांना वाटतं डिप्रेशन आहे किंवा वय झालं. एमआरआयवर मेंदूच्या खोल भागात, ग्लोबस पॅलिडसमध्ये, दोन्ही बाजूंना डाग दिसू शकतात, पांढऱ्या भागाचंही नुकसान दिसतं. सगळ्यांना होतं असं नाही, पण महिनाभर लक्ष ठेवावंच लागतं.

उपचारात डायऑक्साइडसाठी पहिलं काम मोकळी हवा, बहुतेकदा तेवढ्यावर भागतं. रक्तातला मोनॉक्साइड साध्या हवेत निम्मा व्हायलाच ४ ते ६ तास घेतो, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण तास-दीड तास, जास्त दाबाखाली ऑक्सिजन देणाऱ्या चेंबरमध्ये त्याहून कमी.

मशिनांचा घोळ वेगळाच. कोविडनंतर बऱ्याच जणांनी डायऑक्साइड मॉनिटर घेतले, त्यांना मोनॉक्साइड कळतच नाही, त्याचा अलार्म वेगळा मिळतो. आणि बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनवालंच समजतो, माणूस बेशुद्ध आणि आकडा ९८! खरी पातळी को-ऑक्सिमीटरवर, म्हणजे मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन वेगळं मोजणाऱ्या मशीनवर, रक्त तपासूनच कळते, आणि हॉस्पिटलला पोचेपर्यंत वाटेत ऑक्सिजन लावला असेल तर तोही आकडा उतरलेला असतो, म्हणून डॉक्टरांना किती वेळ त्या खोलीत होतात आणि ऑक्सिजन कधी लावला ते आधी सांगा.